चार बोटं

पुण्याहून गाडी आली होती, पांढरी,
बाजूला आकाशगंगा रंगवलेली.
भिंगं, आरसे, आणि उन्हात रोवलेला चकचकीत दांडा;
त्याची सावली कशी सरकते
ते खडूनं मांडलं मैदानभर.
धारूरच्या घाटाखाली एवढं कुणी कधी आणलं नव्हतं.
मग टाळ्या, फोटो, प्रत्येकाला एक पिवळी टोपी,
आणि दांडा परत गाडीत.

माझ्या हातात एक कागद राहिला.
शेवटची ओळ : उपक्रम शाळेने पुढे चालू ठेवावा.
कसा, ते लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अरमान म्हणाला,
सर, दांडा गेला, पण ऊन हितंच हाय की.
त्यानं घरून तुराटी आणली, सरळ बघून,
ती मीटरभर मोजून तोडली.
त्याचा बाप गवंडी, म्हणून ओळंबाही आला.
खिचडीची घंटा व्हायच्या आधी
सावली आखडत आखडत येते, थबकते,
पुन्हा लांबायला लागते.
त्या थबकण्यावर खूण.
व्हरांड्याच्या फरशीवर, गेरूनं, दर सोमवारी.

दिवाळी झाली. बावीसातली नऊ मुलं ऊसतोडीला गेली.
राजनंदिनी ट्रॅक्टरवर चढायच्या आधी धावत आली :
सर, मला बी एक तुराटी.
दोन्ही शेजारी धरून टोकं जुळवली,
तिनं ती अंथरुणाच्या वळकटीत खुपसली.
मी म्हणालो, मोजपट्टी नको, दोरा ठेव.
एक सावली, एक दोरा.
हजेरीत तिच्या नावापुढे
पुढचे पाच महिने मी काय भरलं, ते इथं नको.

पाडव्यानंतर आली ती.
मुठीत खताच्या पोत्याचे सतरा दोरे,
प्रत्येकाच्या टोकाला मुकादमाच्या कॅलेंडरातून कापलेली तारीख.
तीन सोमवार नाहीत :
एकदा आभाळ होतं, एकदा बारक्याला ताप,
एकदा, म्हणाली, मीच झोपले व्हते.

आम्ही दोरे फरशीवर अंथरले, खुणांना खूण लावून.
सगळेच कमी भरले.
डिसेंबरातला तर चार बोटं.
पोरं हसली, हिची तुराटी मोडली असंल.
तुराट्या पुन्हा जुळवल्या. केसाचाही फरक नाही.
ती खाली बघत म्हणाली,
रोज कोपीसमोर वळंब्याला खडा बांधून धरायचे, सर.

मी लाल पेनानं वहीत लिहिलं : निरीक्षणात चूक.
हे लपवून कशाला ठेवू.

रात्री जेवताना घास हातातच राहिला.
शाळेची किल्ली घेऊन गेलो,
भिंतीवरच्या नकाशावर मोबाईलचा उजेड धरला
आणि धारूरवरून बोट खाली नेत गेलो,
सोलापूर, सांगली, कोल्हापूर,
तिथून आणखी जरा खाली, तिच्या कारखान्यापाशी.

सकाळी अरमानकडून कलिंगड मागवलं.
त्यावर दोन काड्या खोचल्या, एक वर, एक थोडी खाली,
दारं लावून लांबून बॅटरी धरली.
दोन काड्या सारख्या, दोन सावल्या वेगळ्या.
कुणीच काही बोलेना.
मग तीच बोलली, हळू, स्वतःशी बोलल्यासारखी :
म्हंजी जमीन वाकलीय.
माझी तुराटी न्हाई.

कलिंगड आम्ही तिथंच फोडलं.
बिया फरशीभर, गेरूच्या खुणांवर रस.
लाल ओळ मी खोडली, तरी वाचता येते;
राहू दे म्हणाली ती.

निघताना दारात थांबली.
सर, यंदा टोळी कर्नाटकात जायचीय म्हणं, लई खाली.
तिकडं किती बोटं कमी भरंल?

गणित अवघड नाही.
मी उत्तर काढून ठेवलंय.
तिला अजून सांगितलेलं नाही.